असाहेलच्या मागचा माणूस

१

ढोल वाजला की वाकायचं, उजवा खांदा दोराखाली घालायचा, दुसऱ्या ठोक्याला उठायचं आणि चालू लागायचं. मैलभर गेलं की पुन्हा ढोल. मग दोर गवतात टाकायचा आणि त्याच्याच शेजारी आडवं व्हायचं. त्या जून महिन्यात सँडी क्रीकहून सॅकेट्स हार्बर बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर शंभराहून जास्त माणसं हे एवढंच करत होती. असाहेल वीलर त्यांच्यातला एक.

दोर होता जहाजाच्या नांगराचा. मांडीएवढा जाड, डांबर पाजलेला, आणि लांबीला असा की पुढचा माणूस टेकडीवर चढायला लागला तरी मागचा अजून ओढ्यातच असायचा. हार्बरमध्ये नवं लढाऊ जहाज उभं होतं. त्याच्या तोफा बैलगाड्यांवरून पोचल्या होत्या. राहिला होता तो हा दोर, आणि नांगराच्या दोराशिवाय जहाज बंदर सोडणार कसं? सरोवरातून न्यावा तर बाहेर इंग्रजांची गलबतं टपून बसलेली. गाडीवर चढवला तर गाडीचा आसच मोडला. शेवटी कुणाच्या तरी डोक्यातून निघालं, माणसांनीच खांद्यावर घ्या.

इंग्रजांशी लढाई सुरू होऊन दोन वर्षं होत आली होती. असाहेलच्या वाट्याला ती अशीच आली होती. खंदक खणायचे, चिखलातून गाड्या ढकलायच्या, तापाने पडलेल्यांना पाणी पाजायचं. बंदूक त्याच्याकडे होती, पण ती बहुतेक वेळा भिंतीलाच टेकलेली असायची.

"फिलो, अरे जरा हळू," असाहेलच्या मागून सायलस ग्रीन ओरडला. "घरी बायको वाट बघतेय का तुझी?"

"बायको वाट बघत असती तर मी उलट्या दिशेनं पळालो असतो," पुढून फिलो म्हणाला, आणि आसपासची पाचसहा माणसं धापा टाकत हसली.

सायलस असाहेलचा शेजारी. बुटका, गोल, आणि तोंडाचा पट्टा सतत चालू. "असाहेल, तू ताडमाड, मी असा. सगळं ओझं तुझ्याच खांद्यावर येतं बघ. मी आपला नुसता शोभेला."

ते खरंच होतं. सायलसच्या खांद्याला दोर जेमतेम टेकायचा. शर्टाखाली असाहेलने गवताची चुंबळ घातली होती, तरी संध्याकाळपर्यंत खांद्याची साल निघाली. उजव्या कानावर दोर घासायचा, म्हणून मान डावीकडे कलती ठेवावी लागे. शेजारचं शेत दिसे, पायाखालची धूळ दिसे. मागे वळून बघायची मात्र सोय नव्हती. एकाने खांदा वळवला की साऱ्या रांगेला हिसका बसायचा.

त्या रात्री ते एका शेतकऱ्याच्या कुरणात झोपले. सकाळी सायलस नव्हता. तो एकटाच नव्हे, अंधारात बरेच जण आपापल्या घरी सटकले होते.

"शोभेचा गेला," फिलो म्हणाला. "आता तुझ्या मागं भोक पडलं."

२

पहिल्या ढोलाला असाहेल वाकला तेव्हा मनात हिशोब बांधूनच वाकला होता. मागचा माणूस गेला म्हणजे आज आपलं ओझं वाढणार. दुसरा ठोका पडला. तो उठला.

दोर हलका होता.

अगदी पिसासारखा नव्हे, पण कालच्यापेक्षा हलका, आणि सरळ. काल मागच्या बाजूला उतरत जायचा, आज त्याच्याच उंचीवर समतोल राहिला होता. मागे कुणीतरी उंच माणूस आला होता. असाहेलला बरं वाटलं. जवळपासच्या वस्त्यांतून सकाळी नवीन माणसं येणार असं काल कुणीतरी म्हणालंच होतं.

"बरं झालं आलास बाबा," तो मान न वळवता म्हणाला.

मागून उत्तर आलं नाही. श्वास मात्र ऐकू आला. सगळ्यांचेच श्वास ऐकू येत होते म्हणा, पण हा जरा वेगळा होता. आत जाताना थोडा अडायचा, मग एखादं ओलं कापड झटकल्यासारखा बारीक आवाज व्हायचा, मग बाहेर. धुळीसाठी तोंडाला रुमाल बांधला असेल, असाहेलने ठरवलं. फिलोनेही बांधला होता.

विसाव्याला दोर खाली टाकल्यावर तो वळला. मागे रिकामं गवत होतं. त्याच्यापलीकडे डोरन्स नावाचा गिरणीवाला पाय पसरून पडला होता.

"डोरन्स, सायलसच्या जागी कोण आलंय?"

"कोण येणार? इथून सगळे पळताहेत."

"माझ्या मागं आत्ता होता तो."

डोरन्सने एक डोळा उघडला. "सकाळपासून तुझी फाटकी बंडी बघून बघून कंटाळलोय मी. मधे कुणी असता तर बरं झालं असतं."

डोरन्सला दारूचा नाद होता आणि ऊनही चढत होतं. शिवाय डोरन्सचीही मान कलतीच की, त्याला तरी काय दिसणार? बंडी कशी दिसली मग, हा प्रश्न त्याने स्वतःला विचारला आणि तिथेच सोडून दिला. ढोल वाजला. तो वाकला, उठला. मागे कुणीतरी त्याच्याबरोबरच उठलं.

३

मागच्याची चाल त्याच्या चालीशी जुळत होती. हे त्याला बऱ्याच वेळाने जाणवलं.

असाहेलचा मुलगा ओबेड त्याच्याच एवढा उंच होता. दोघं मिळून रानातून ओंडके आणायचे. बाप पुढे, मुलगा मागे, आणि ओबेड न सांगता बापाच्या पावलात पाऊल टाकायचा. जरूशा, त्याची आई, दारातून बघून म्हणायची, "एक माणूस चार पायांचा आला बघा." गेल्या वर्षी ओबेड पलटणीबरोबर नायगाराकडे गेला. तिथे त्याने एकही गोळी झाडली नाही. छावणीत ताप आला आणि चारपाच दिवसांत आटोपला. बातमी घेऊन आलेल्या मित्राने सांगितलं, त्या दिवशी बरेच गेले, घोंगडीत गुंडाळून एकत्रच पुरले. कुठे, ते त्यालाही नीट सांगता येईना. जरूशाने फार विचारलं तेव्हा तो रडायलाच लागला.

असाहेल चालत राहिला. वेडेपणा आहे, तो मनाशी म्हणाला. ऊन आहे, पोटात सकाळची मक्याची भाकर आणि वर घोटभर व्हिस्की आहे, खांद्यातून रक्त येतंय. अशा वेळी माणसाला काय वाटेल त्याचा नेम नाही. पण पाऊल जुळत होतं. त्याने मुद्दाम एक पाऊल लांब टाकलं. मागच्यानेही टाकलं.

"ओबेड?" तो हळूच म्हणाला.

श्वास थांबला.

बाकीच्यांचे श्वास, बुटांचा खसखसाट, पुढचा ढोल, सगळं चालू होतं. तेवढा एक आवाज मधूनच कापून काढल्यासारखा नाहीसा झाला. मग तो पुन्हा आला, आणि त्याच्याबरोबर शब्दही आले. काय बोलला ते कळलं नाही. उशीत तोंड खुपसून बोलावं तसा आवाज होता. फक्त प्रश्न होता एवढं कळलं, शेवटी आवाज वर गेला होता.

"काय रे? पुन्हा सांग," असाहेल म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं होतं.

"कुणाशी बोलतोयस?" पुढून फिलोने विचारलं.

"कुणाशी नाही."

"देवाशी बोलत असशील तर त्याला सांग, जरा इकडं येऊन खांदा दे."

४

दुपारी ते एका गिरणीच्या बंधाऱ्यापाशी आले. ओंडक्यांचा पूल होता, कठडा नव्हता, आणि खाली साठवलेलं संथ, काळं पाणी. डोरन्स मागून ओरडला, सावकाश, ओंडके शेवाळलेत.

असाहेलची मान कायमचीच डावीकडे. डावीकडे पाणी होतं. बघायचं नाही असं त्याने ठरवलंही नव्हतं. नजर आपोआप गेली.

पाण्यात फिलो उलटा चालत होता. मग तो स्वतः, दोराखाली वाकडा झालेला. आणि त्याच्या मागे एक उंच आकृती. तिचा खांदा दोराखाली होता. डोकं होतं, पण त्या डोक्याला चेहरा नव्हता. वरपासून खालपर्यंत करडं जाड कापड होतं, आणि चेहऱ्याच्या मधोमध ते कापड आत ओढलं जात होतं, बाहेर येत होतं, आत ओढलं जात होतं.

फिलोच्या पायाखालून चिखलाचा एक गोळा पाण्यात पडला आणि सगळं मोडून गेलं.

असाहेलला ते कापड ओळखता आलं. शिडाचं होतं. दहाबारा दिवसांपूर्वी इंग्रज खलाशी होड्या घेऊन ह्याच तोफांच्या आणि ह्याच दोराच्या मागावर सँडी क्रीकच्या ओढ्यात शिरले होते. काठावरच्या झाडीत आपले बंदूकवाले आणि ओनायडा जमातीचे योद्धे लपून बसले होते. ढोलवाल्याने दोन ठोके द्यावेत तेवढ्यात सगळं संपलं. असाहेलची गावची पलटण पोचली ती मेलेल्यांना पुरायलाच. शवपेट्यांना फळ्या नव्हत्या. त्या मुलखातली फळी न् फळी हार्बरला जहाजांसाठी गेली होती. मग होड्यांवरचीच शिडं फाडली, आणि गावातल्या बायकांनी मेलेल्यांना त्यांत शिवलं. त्या बायकांत जरूशाही होती. एका उंच पोराजवळ ती फार वेळ बसली. तोंडावर कापड घेताना तिने विचारलं, "ह्याचं नाव कुणाला ठाऊक आहे का?" कुणालाच नव्हतं. त्याच्या पायांकडची बाजू असाहेलनेच धरली होती.

ओबेडला घोंगडीत पुरलं होतं. हा ओबेड नव्हता.

भीती वाटली, पण ती नंतर. आधी वाटलं ते हे, की हा आपला नव्हे. आणि ते इतकं जोरात वाटलं की त्याचं पाऊल ओंडक्यावरून सरकलं.

"ए, सांभाळ!" डोरन्स किंचाळला.

दोर टाकून पळावंसं वाटत होतं. पण पुलावर दोर सोडला असता तर पुढचे पाच आणि मागचे पाच पाण्यात गेले असते. असाहेलने दात आवळले आणि पाऊल उचललं. मागच्यानेही उचललं.

५

पलीकडच्या चढावर चिखल होता. पुढची माणसं रुतली, आणि रांग खांद्यावर दोर घेऊन तशीच उभी राहिली. खाली टाकू नका, पुढून निरोप आला, चिखलात बसला तर पुन्हा निघायचा नाही.

उभं राहिल्यावर श्वास फारच जवळ वाटायला लागला. मानेवर गार वारा लागत होता आणि त्याला सरोवराच्या काठचा, कुजलेल्या वेलींचा वास होता. श्वास अडायचा, कापड चिकटायचं, सुटायचं. मग तो प्रश्न पुन्हा. तोच उशीतला आवाज, तोच वर जाणारा शेवट. आता त्यात घाई होती. पुन्हा. आणि पुन्हा.

हा गुदमरतोय, असाहेलच्या मनात आलं.

मेलेला माणूस गुदमरत नाही, हे त्याला कळत होतं. इथे काही नाही, डोरन्सला फक्त आपली बंडी दिसते, हेही कळत होतं. तरी तो आवाज ऐकत उभं राहणं त्याला जमेना. कुठल्यातरी आईने ह्याला वाढवून एवढा उंच केला होता.

त्याने डाव्या हाताने कमरेची सुरी काढली. डोळे गच्च मिटले, हात वाकवून मागे, मानेपाशी नेला. बोटांना कापड लागलं. ओलं, गार. बोटं चाचपत गेली तशी शिवण लागली. बारीक, जवळजवळचे टाके. हे टाके त्याच्या ओळखीचे होते. त्याच्या अंगातला शर्टही त्याच हाताने शिवला होता. त्याने सुरीचं टोक शिवणीत घातलं आणि टाके उसवत नेले.

मागून एक मोठा, पूर्ण श्वास ऐकू आला. बुडालेला माणूस वर आल्यावर घेतो तसा.

मग आवाज. अगदी तरुण, समुद्रापलीकडच्या माणसांसारखा हेल असलेला.

"आपण घरी चाललोय ना?"

पुढे चिखल होता, त्याच्यापुढे हार्बर होतं, आणि हार्बरमध्ये इंग्रजांना मारायला बांधलेलं जहाज.

"आपण घरी चाललोय ना?"

"हो," असाहेल म्हणाला. "हो रे बाळा. घरीच."

त्यानंतर मागून एक शब्द आला नाही. रांग हलली. राहिलेली सगळी वाट दोर असाहेलच्या खांद्याला जेमतेम शिवत होता. मागचा आता मन लावून ओढत होता. फिलो दोनतीनदा म्हणाला, "काय रे, ढकलतोयस काय मला?"

६

हार्बरमध्ये त्यांच्या स्वागताला वाद्यं होती, झेंडे होते, आणि दारूची पिंपं फोडून ठेवली होती. सगळं गाव धक्क्यावर लोटलं होतं. दोर खाली टाकायचा नव्हता. खलाशी तो थेट जहाजाच्या पुढच्या भोकातून आत ओढून घेत होते, आणि एकेक माणूस धक्क्याच्या टोकाशी पोचला की दोर त्याच्या खांद्यावरून आपोआप सुटत होता. सुटलेली माणसं खांदे चोळत, ओरडत, पिंपांकडे धावत होती.

फिलो सुटला. मग असाहेलच्या खांद्यावरून दोर सरकला आणि तो बाजूला झाला. आता त्याला मान वळवता येत होती. त्याने वर बघितलं नाही. फक्त दोराकडे बघितलं. माणसांच्या खांद्यांवरून सुटलेला दोर खाली लोंबत, फळ्यांवर घासत जात होता. असाहेलच्या मागचा तुकडा लोंबला नाही. तो खांद्याच्या उंचीवर, तसाच ताठ, त्याच्यासमोरून गेला, आणि त्या काळ्या भोकात शिरला.

"थांबवा," असाहेल म्हणाला. वाद्यांच्या आवाजात ते कुणाला ऐकू गेलं नाही.

मग आतून, लाकडाच्या पोटातून, तो तरुण आवाज आला. स्वच्छ, कसलाही अडथळा नसलेला.

"हे आमचं जहाज नाही."

असाहेल फळीवरून जहाजावर धावला. पहारेकऱ्याने त्याच्या छातीवर हात ठेवला. "कुठं निघालात काका?"

"आत एक माणूस आहे."

"आत चारशे माणसं आहेत."

"त्यातला एक आपला नाही. त्याला बाहेर काढा. मी त्याला—"

पहारेकऱ्याने त्याच्या खांद्यावरचं रक्त बघितलं आणि आवाज मऊ केला. "जा, काहीतरी खाऊन घ्या. थोर काम केलंत तुम्ही लोकांनी. आता हे जहाज इंग्रजांना दाखवेल काय ते."

धक्क्यावर लोक टोप्या उडवत होते. जहाजाच्या आत कुणीतरी दोर वेटोळं करून ठेवत होतं. असाहेल बराच वेळ भोकाखाली उभा राहिला. पुन्हा काही ऐकू आलं नाही.

७

घरी पोचला तेव्हा जरूशाने विचारपूस न करता त्याला बाकावर बसवलं, शर्ट पाण्याने भिजवून भिजवून खांद्यावरून सोडवला, आणि जखमेला चरबी लावली. त्याने तिला सांगितलं. सांगायचं नाही असं वाटेत शंभरदा ठरवलं होतं, तरी सगळं सांगितलं. आधी तो ओबेडच वाटला होता, तेही.

त्याचं संपल्यावर ती फडकं पिळत म्हणाली, "मग त्याला तू काय सांगितलंस?"

"घरी चाललोय म्हटलं."

"आणि त्यानं ऐकलं?"

"ऐकलं. त्या शब्दावरच तर चालत आला."

ती त्याच्याशेजारी बसली. बाहेर स्वच्छ ऊन होतं, गाय खुंट्याला अंग घासत होती. ती म्हणाली, "आपल्या ओबेडलाही कुणीतरी तसंच सांगितलं असेल."

"असेल," असाहेल म्हणाला. तिला बरं वाटावं म्हणून म्हणाला. मग तिच्या तोंडाकडे त्याचं लक्ष गेलं, आणि आपण काय कबूल केलं ते त्याच्या ध्यानात आलं.

"म्हणजे तो अजून चालतोय," जरूशा म्हणाली.

हार्बरहून सुटलेली माणसं दोघंतिघं करून रस्त्याने परतत होती. कुणी गात होतं, कुणी लंगडत होतं. जरूशा उठली, हात पुसले आणि कुंपणाच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली. प्रत्येकाला ती हाक मारून थांबवत होती, पाणी देत होती, आणि तो पाणी पीत असताना त्याच्या पलीकडे, त्याच्या मागच्या रिकाम्या रस्त्याकडे बघत होती.